स्पीकरखाली पॅड घातले, तरी घरघर परत येते

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. गाण्यात डग्गा खाली घुमला किंवा बेस गिटारचा खालचा सूर लागला, की खोलीत कुठेतरी ‘झर्रर्र’ असं वाजतं. मग स्पीकरखाली रबरी पॅड येतात. काही दिवस बरे जातात. पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्यात तोच आवाज, नाहीतर त्याचा सख्खा भाऊ, हजर होतो. मग आधीच्यापेक्षा महाग पॅड, मग पितळी स्पाइक म्हणजे टोकदार पाय, मग ग्रॅनाइटची लादी. खर्च वाढत जातो आणि आवाज जागा बदलत राहतो.

पॅड फक्त एका वाटेवर पहारा देतो: स्पीकरच्या पेटीतून खालच्या फळीत उतरणारं कंपन. घरघर मात्र चार वाटांनी येऊ शकते. पेटीच्या आतून, पेटी ज्यावर ठेवली आहे त्या फर्निचरमधून, जमिनीतून आणि हवेतून. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खाली काँक्रीटचा स्लॅब आणि वर टाइल्स असतात, त्यामुळे जमिनीवर संशय सगळ्यांत शेवटी घ्यावा आणि हवेवर सगळ्यांत आधी. विकायला असलेल्या वस्तू मात्र जवळपास सगळ्या पेटीच्या पायाखाली जाणाऱ्या. वाट कोणती ते न ठरवता आणलेला पॅड लागू पडला, तर तो योगायोग समजा.

पुढचं सगळं साध्या घरगुती संचाला धरून आहे: पाच-सहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा भाग) असलेले दोन बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर, टीव्ही युनिटवर किंवा स्टँडवर ठेवलेले, आणि असलाच तर एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारी वेगळी पेटी.

आधी आवाजाचा पत्ता काढा

गाणी लावून शोधू नका. गाण्यातला खालचा सूर क्षणभर येतो आणि तुम्ही कपाटापर्यंत पोचेपर्यंत संपलेला असतो. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, फोन ॲम्प्लिफायरला जोडा आणि सूर अगदी सावकाश ४० हर्ट्झपासून (सेकंदाला ४० कंपनं) २०० हर्ट्झपर्यंत चढवत न्या. सबवूफर असेल तर २० पासून सुरुवात करा. व्हॉल्यूम मध्यमच ठेवा. सलग शुद्ध सूर वूफरला गाण्यापेक्षा जड जातो, आणि पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेला छोटा स्पीकर फार खालच्या सुराला आवाज कमी करतो आणि नुसताच आतबाहेर हेलकावतो. तिथे जोर लावलात तर नवीन घरघर विकत घ्याल.

जिथे आवाज सुरू होईल तो आकडा कागदावर लिहा. आकडे एकाहून जास्त निघतील, कदाचित चार-पाच. कानाला जे ऐकू येतं ते बारीक, किणकिणतं असू शकतं आणि तरी त्या वस्तूला हलवणारा सूर ५५ हर्ट्झचा असतो. म्हणून आवाजाच्या पोतावरून वस्तू ओळखायला जाऊ नका. सूर तसाच धरून ठेवा आणि खोलीत फिरत एकेका वस्तूवर तळहात दाबत चला. हात ठेवल्यावर आवाज थांबला, की ती वस्तू सापडली. दोघं असाल तर एकाने बसायच्या जागी ऐकायचं, दुसऱ्याने हात लावत फिरायचं. हे काम दिवसा करा. सलग ५० हर्ट्झचा सूर शेजाऱ्यांना गाण्यापेक्षा जास्त छळतो.

मग वाट ठरवायची. तोच सूर चालू ठेवून बुकशेल्फ स्पीकर दोन्ही हातांनी आहे त्याच जागी दोन-तीन सेंटिमीटर वर उचला. घरघर थांबली, तर कंपन फर्निचरमध्ये उतरत होतं आणि पॅडचा उपयोग होणार. थांबली नाही आणि आवाज पेटीबाहेरून येतोय, तर वस्तूला हवा हलवतेय. तिथे जगातला कुठलाही पॅड काही करू शकणार नाही. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ही चाचणी करू नका. जागा बदलली की खोलीतला बेसच बदलतो आणि निष्कर्ष फसतो. सबवूफर असा हातात धरता येत नाही, तेव्हा त्याला त्याच जागी जाड घडी केलेल्या गोधडीवर ठेवून ऐका. ड्रायव्हरचं (आवाज काढणाऱ्या गोल भागाचं) तोंड जमिनीकडे असेल तर गोधडीऐवजी चार पायांखाली टॉवेलच्या चार घड्या.

एक भानगड आधीच वेगळी काढून ठेवा. गाणं थांबवल्यावरही सलग ‘गुं’ असा आवाज राहत असेल, तर तो यांत्रिक कंपनाचा प्रकार नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगच्या लूपमधून (उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने बनणाऱ्या फेऱ्यातून) शिरणारा हा हम ५० आणि १०० हर्ट्झवर बसतो. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढा, सबवूफरची सिग्नल केबल काढून बघा. कशाने थांबतो ते कळलं की तो इलेक्ट्रिशियनचा विषय.

पेटीतून येणारा आवाज

डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करा. घरघर पेटीबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष पेटीत. जिथल्या तिथेच राहिली, तर जागेत किंवा ॲम्प्लिफायरच्या त्या चॅनेलमध्ये.

सगळ्यांत आधी पुढची जाळी काढून ऐका. जाळीची प्लास्टिक फ्रेम खुंट्यांमध्ये ढिली असणं ही फार सामान्य गोष्ट आहे आणि कोणी तिकडे बघत नाही. मग ड्रायव्हरचे स्क्रू. समोरासमोरचे आळीपाळीने, हाताच्या पान्याने, घट्ट लागला वाटलं की थांबा. पेटी एमडीएफची असते, म्हणजे लाकडाचा दाबलेला भुसा. जोर लावलात तर आटे झिजून स्क्रू गोल फिरत राहील. असं आधीच झालं असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या टूथपिकच्या काड्या भरा, रात्रभर सुकू द्या आणि स्क्रू पुन्हा लावा. मागच्या टर्मिनल प्लेटचे स्क्रूही विसरू नका.

वूफरच्या कडेचं रिंगण फोमचं असेल तर बोटाने हलकेच चाचपून बघा. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत हळूहळू विघटित होतो. मुंबई आणि कोकणपट्टीतल्या जुन्या स्पीकरमध्ये तो बोटाला चिकट लागतो, नाहीतर चुरा होऊन गळतो. रिंगण फाटलं की कोन (वूफरचा हलणारा शंकू) तिरका चालतो आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे त्यामागची तारेची गुंडाळी, घासायला लागते. सिस्टीम बंद करून तीन बोटांनी कोन अगदी हळू, सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर हे रिकोनिंगचं, म्हणजे नवा कोन बसवण्याचं, काम आहे, त्या दुकानात न्या. रबरी रिंगणाला हा आजार सहसा होत नाही.

पॅडचं गणित

उचलून बघितल्यावर आवाज थांबला असेल, तरच हा भाग तुमच्यासाठी.

पॅड म्हणजे स्प्रिंग, आणि स्पीकर म्हणजे त्यावर ठेवलेलं वजन. या जोडीची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे ती आपोआप ज्या वेगाने डोलते तो वेग. स्पीकर ठेवल्यावर पॅड किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा; ती फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मिळते. १ मिलिमीटर दबला तर साधारण १६ हर्ट्झ. ४ मिलिमीटर दबला तर ८. नुसता ०.१ मिलिमीटर दबला तर ५० हर्ट्झ. रबर झटपट हलताना जास्त कडक वागतं, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा वरच असतो, पण अंदाजाला हे पुरतं.

कंपन अडवायला सुरुवात होते ती या फ्रिक्वेन्सीच्या सुमारे १.४ पटीच्या वर. तिच्या तिप्पट सुराला, कागदावर तरी, आठातला एकच भाग खाली उतरतो. पण त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास पॅड कंपन अडवण्याऐवजी वाढवतो. आता वरचा ०.१ मिलिमीटरचा आकडा परत बघा. जो पॅड जवळजवळ दबतच नाही, तो ५० हर्ट्झला, म्हणजे जिथे बेसचा सगळा जोर असतो तिथेच, टीव्ही युनिटला जास्त हलवतो. ‘पॅड घातल्यावर घरघर वाढली’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात.

हे सगळ्यांत जास्त होतं वॉशिंग मशीनच्या आणि एसीच्या आउटडोअर युनिटच्या पॅडमुळे. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात, दिसायला दणकट असतात, म्हणून स्पीकरखाली जातात. पण साठ-सत्तर किलोचं मशीन चार पॅडवर उभं असतं, म्हणजे एकावर पंधरा-सतरा किलो. सहा किलोचा बुकशेल्फ त्याच चार पॅडवर ठेवला तर एकावर दीड किलो येतं. पैलवानासाठी शिवलेल्या गादीवर मांजर बसलं तर गादी कशाला दबेल? पॅड वाईट नाही, त्याला पुरेसं ओझं मिळत नाही.

उपाय दोन. पहिला, पॅड कापून लहान करा. चारच्या जागी तीन तुकडे वापरा आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ निम्म्या-चौथ्यावर आणा. तेवढ्याच वजनाचा दाब वाढतो आणि रबर खरंच दबायला लागतं. रबराचा पॅड आपल्या जाडीच्या दहा ते वीस टक्के दबला पाहिजे हा चांगला ठोकताळा आहे. १२ मिलिमीटर जाडीचा पॅड दीड-दोन मिलिमीटर दबला, तर आकडा अकरा ते तेरा हर्ट्झच्या घरात येतो आणि ४० हर्ट्झच्या बेसला तो बऱ्यापैकी रोखतो. अर्ध्याहून जास्त चेपला असेल तर तो संपलेला आहे. आता तो स्प्रिंग नाही, नुसता ठोकळा. दुसरा उपाय, वजन वाढवा. एक फूट बाय एक फूट, १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइटचा तुकडा साडेचार किलोच्या आसपास भरतो. किचन ओट्याचं काम करणाऱ्याकडे उरलेले तुकडे पडलेलेच असतात. खाली पॅड, वर ग्रॅनाइट, त्यावर स्पीकर, असा क्रम. ग्रॅनाइट थेट टीव्ही युनिटवर ठेवून त्यावर पॅड घातले, तर ते वजन पॅडवर येतच नाही.

वजन सगळीकडे सारखं नसतं, हेही बघून घ्या. चुंबक पुढच्या बाजूला असल्यामुळे बहुतेक बुकशेल्फ पुढून जड असतात. चारही पॅड सारखे ठेवले तर पुढचे जास्त दबतात, पेटी पुढे झुकते आणि मागचे नावापुरते राहतात. तीन तुकडे, पुढे दोन आणि मागे एक, ही मांडणी त्यामुळेच बरी. शिवाय ती डगमगत नाही.

तयार वस्तूंमध्ये ऑरालेक्सच्या फोमच्या पट्ट्या, आयसोअकूस्टिक्सचे स्टँड आणि पाय, सॉर्बोथेनचे अर्धगोल ही नावं नेहमी पुढे येतात. सॉर्बोथेन हे एक प्रकारचं पॉलियुरेथेन आहे आणि वेगवेगळ्या कडकपणाचं मिळतं. खरेदी करताना व्यास आणि रंग बघण्याआधी किती वजनासाठी आहे तो पल्ला बघा, आणि तुमच्या स्पीकरचं वजन पायांच्या संख्येने भागून येणारा आकडा त्या पल्ल्याच्या मध्यावर पडतो का ते तपासा. पल्ला लिहिलेलाच नसेल तर माझ्या मते ती वस्तू सोडून द्या, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो. सॉर्बोथेन पॉलिश केलेल्या लाकडावर तेलकट डाग पाडू शकतं, म्हणून मध्ये प्लास्टिकची छोटी चकती घाला.

‘पॅडमुळे आवाज स्पष्ट होतो, कारण स्पीकर मागे ढकलला जात नाही’ असं जाहिरातीत असतं, त्याकडे आकड्यांनी बघा. सहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १२ ग्रॅमचा, पेटी सहा किलोची. कोन ५ मिलिमीटर हलला तर मोकळी पेटी सुमारे ०.०१ मिलिमीटर मागे सरते. टीव्ही युनिटची फळी वाजायची थांबली तर बेस नक्कीच स्वच्छ वाटतो, आणि ती खरी सुधारणा आहे. पण भक्कम स्टँडवर शांत उभ्या असलेल्या स्पीकरखाली महाग पाय घालून चमत्कार होईल अशी आशा धरू नका.

पॅडआधी टीव्ही युनिटकडेही एकदा बघा. मागची पातळ प्लाय नुसत्या बारीक खिळ्यांनी मारलेली असते. तिच्या कडेने फोमची चिकटपट्टी लावून चार स्क्रू मारले तर अर्धे आवाज जातात. ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनेल, सरकत्या काचा, बिजागऱ्या, आणि प्लायवर टेकलेल्या जाड केबल्या हे नेहमीचे संशयित.

सबवूफरला वेगळा न्याय

पॅडवर खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. बारा इंची सबवूफरचा हलणारा भाग दीडशे ग्रॅम धरा. ४० हर्ट्झला तो एका बाजूला ८ मिलिमीटर हलत असेल, तर पेटीवर येणारा धक्का सुमारे ७५ न्यूटन निघतो, म्हणजे साडेसात किलोचं ओझं सेकंदाला चाळीस वेळा इकडून तिकडे ढकलावं तसा. बुकशेल्फचा हाच हिशोब ५० हर्ट्झला ४ मिलिमीटर धरून केला तर जेमतेम पाच न्यूटनवर येतो. दोघांना एकाच मापाने तोलण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हर खाली तोंड करून असेल तर हा धक्का सरळ जमिनीत उतरतो; तिथे मऊ पायांचा फरक हाताला जाणवतो. ड्रायव्हर समोर असेल तर धक्का आडवा असतो, पेटी पुढेमागे डुलते, आणि पाय फार उंच-मऊ असतील तर ती टाइल्सवर चालायलाही लागते. काही सबवूफरमध्ये दोन ड्रायव्हर पाठीला पाठ लावून बसवतात, केईएफच्या केसी६२ मध्ये तसे आहेत. दोघांचे धक्के एकमेकांना खोडतात आणि पेटी जवळजवळ स्थिर राहते. अशाखाली जास्तीचे पाय घालण्याची गरज नाही. सबवूफरवर राउटर, कुंडी, फोटो ठेवू नका हे सांगायला नको, पण बऱ्याच घरांत ते असतंच.

हवेतून येणारी घरघर

उचलून धरल्यावरही जो आवाज चालू राहिला तो इथला, आणि आपल्या घरांत असे आवाज फार.

पहिला मान लोखंडी कपाटाचा. पातळ पत्र्याची दारं, त्यातला आरसा, हँडल, आणि वर रचलेल्या बॅगा. दाराच्या आतल्या कडेला फेल्टचे तुकडे लावा आणि वरच्या बॅगांच्या धातूच्या कड्या कापडात गुंडाळा. मग अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. झडपेच्या कडेची केसाळ पट्टी झिजली किंवा काचेचं रबर वाळलं, की काच रुळात थडथडते. फॅब्रिकेटरकडून ती पट्टी बदलून घेणं हा खरा इलाज. तोवर घडी केलेला पुठ्ठा सारून ठेवा. फॉल्स सीलिंग असेल तर त्यातल्या एलईडी दिव्यांच्या स्प्रिंग क्लिपा वाजतात. दिवा खाली ओढून रिंगणाला पातळ फोम चिकटवला की गप्प.

स्वयंपाकघर हॉलला लागून असेल तर मांडणीतली ताटं, एकात एक घातलेले स्टीलचे डबे, पाण्याच्या पिंपावरचं झाकण, सगळे स्वतःच्या सुराला उत्तर देतात. देव्हाऱ्यातली घंटा आणि निरांजनाचं तबकही. भिंतीवरच्या फोटोफ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टचे ठिपके लावा. दाराची कडी कोयंड्यात लोंबत असेल तर तीही बघा. हॉलच्या मुख्य दाराचा सेफ्टी डोअर तर सबवूफरला फार आवडतो.

पण एकेक वस्तू गप्प करत बसण्याआधी खोलीचा हिशोब करा. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून फुगतात. ५७० ला खोलीच्या फुटांनी भागलं की पहिला सूर मिळतो: बारा फुटांच्या लांबीला ४७-४८ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीला ५७, साडेनऊ फूट उंचीला ६०. तुमच्या कागदावरचे आकडे यांच्या जवळपास पडत असतील, आणि बहुतेक पडतातच, तर गुन्हेगार कपाट नाही, तो फुगलेला सूर आहे. या सुरांचा दाब भिंतींपाशी आणि कोपऱ्यांत सगळ्यांत जास्त असतो, आणि आपली कपाटं तिथेच उभी असतात.

सबवूफर कोपऱ्यात असेल तर आधी तो तिथून बाहेर काढा. जागा शोधायची जुनी युक्ती आहे ती करा: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं गाणं लावा, आणि जिथे जिथे तो ठेवणं शक्य आहे तिथे खाली वाकून ऐका. जिथे बेस सारखा आणि मोकळा वाटतो ती त्याची जागा. मग राहिलेल्या एका-दोन आकड्यांवर इक्वलायझरने ४-५ डेसिबल कमी करा. रिसीव्हरमध्ये (ॲम्प्लिफायर असलेल्या मुख्य उपकरणात) रूम करेक्शन, म्हणजे खोलीनुसार आवाज जुळवण्याची सोय, असेल तर तेही चालवा. हा इलाज फुकट आहे, आणि पन्नास फेल्टच्या तुकड्यांपेक्षा जास्त काम करतो.

स्पाइकबद्दल थोडक्यात

स्पाइक कंपन अडवत नाहीत. ते पेटीला जमिनीशी घट्ट जोडतात. जाड कार्पेट टोचून खालच्या टणक जमिनीवर टॉवर स्पीकर स्थिर उभा राहावा हा त्यांचा उपयोग, आणि तिथे ते उत्तम. आपल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर कार्पेटच नाही, तेव्हा ते नुसते घसरतात आणि ओरखडे काढतात. स्पाइक ‘कंपन खाली जाऊ देतात पण वर येऊ देत नाहीत’ हा दावा निव्वळ विक्रीचा आहे; धातूचा टोकदार तुकडा दिशा ओळखत नाही. स्टँडसोबत आलेच असतील आणि स्टँड डगमगत असेल तर खाली धातूच्या चकत्या घालून वापरा. पोकळ नळीचा स्टँड टणटण वाजत असेल तर त्यात चाळून उन्हात कडक वाळवलेली वाळू दोन-तृतीयांश भरा. समुद्राची वाळू नको, मीठ नळीला आतून गंज लावतं.

उंच टॉवर स्पीकरखाली फार मऊ पाय घालू नका, विशेषतः घरात रांगणारं मूल असेल तर.

गेलेला आवाज परत का येतो

सगळ्यांत मोठं कारण म्हणजे तो परत आलेला नसतोच. मोठ्याने वाजणारी वस्तू गप्प केली की तिच्या आड लपलेली दुसरी ऐकू यायला लागते. म्हणून आकड्यांचा कागद जपा. नवा आवाज ६३ हर्ट्झला असेल आणि जुना ४८ ला होता, तर पॅड नापास झालेला नाही; ही वेगळी केस आहे.

दुसरं कारण ऋतू. पावसाळ्यात लाकूड आणि प्लाय फुगतात, दारं घट्ट बसतात आणि बरेच आवाज आपोआप बंद होतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तेच लाकूड आकसतं, स्क्रू ढिले पडतात, ड्रॉवर खुळखुळायला लागतात. विदर्भ-मराठवाड्यात हा फरक मुंबईपेक्षा जास्त जाणवतो, कारण तिथे उन्हाळाही कोरडा. स्क्रू कसायचे ते थंडीत कसा, पावसाळ्यात नाही.

तिसरं, रबर थकतं. सतत ओझ्याखाली ते हळूहळू चेपत जातं आणि उचललं तरी मूळ उंचीला येत नाही. स्वस्त फोम आणि योगा मॅटचे तुकडे यात सगळ्यांत आधी जातात. बसवतानाच पेटी आणि फळीमधलं अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहून ठेवलं, तर पुढे संशय आला की तपासता येतं.

आणि चौथं, दिवाळीची साफसफाई. सबवूफर झाडून-पुसून परत ठेवताना भिंतीकडे वीतभर सरकतो, पॅड उलटेसुलटे बसतात, मांडणीतली ताटं नव्या क्रमाने लागतात. टाइल्सवर सबवूफरच्या कोपऱ्यांशी मास्किंग टेपच्या बारीक खुणा करून ठेवा आणि घरातल्यांना त्या कशासाठी आहेत ते सांगा, नाहीतर त्याच आधी पुसल्या जातील.

लाकडी मजला आणि रेकॉर्ड प्लेअर

जुन्या वाड्यांत आणि चाळींत लाकडी तुळयांवरचे मजले अजून आहेत, आणि तिथे वरचं बरंचसं उलटं होतं. मजला स्वतःच स्प्रिंग आहे. तिथे जमिनीची वाट खरी, त्यामुळे ग्रॅनाइट आणि पॅडची जोडी कामाची. स्पीकर मजल्याच्या मधोमध न ठेवता भिंतीजवळ, तुळई जिथे भिंतीत शिरते त्या बाजूला ठेवा.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो आणि स्पीकर एकाच फर्निचरवर नको, मजला कोणताही असो. स्पीकरचं कंपन सुईपर्यंत पोचतं, तिथून ॲम्प्लिफायरमधून परत स्पीकरकडे, आणि व्हॉल्यूम वाढवला की घुमणारा आवाज स्वतःच वाढत जातो. प्लेअरखाली मऊ पाय घालताना जपा. आर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) यांची जोडी साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान डोलते, आणि मऊ पायांची फ्रिक्वेन्सी नेमकी तिथेच आली तर कोणी चाललं तरी सुई उडेल. लाकडी मजल्यावर भिंतीत ठोकलेली फळी हाच सरळ उपाय. फोनो प्रीॲम्पला (प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाला) सबसॉनिक, म्हणजे ऐकू न येणारे फार खालचे सूर गाळणारा, फिल्टर असेल तर तो चालू ठेवा.

खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर

सबवूफरखालचे मऊ पाय स्लॅबमध्ये उतरणारा धक्का कमी करतात, पण स्लॅबला हवेतून हलवणारा बेस तसाच राहतो. ४० हर्ट्झच्या सुराला पडदे, अंड्याचे ट्रे, भिंतीवरचा फोम यांपैकी काहीही अडवत नाही. क्रॉसओव्हर (कोणत्या सुराच्या खालचं सबवूफरने वाजवायचं ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून सबवूफरची पातळी खाली आणणं, शेजाऱ्यांशी सामायिक भिंत असेल तर तिच्यापासून त्याला दूर नेणं, आणि रात्री रिसीव्हरचा नाइट मोड (मोठे आवाज आपोआप दबवणारी सोय) वापरणं एवढंच हातात आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. फोनवरचं ॲप ४० दाखवतंय म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. ही मोजणी ए-वेटिंग नावाच्या, कानाला धरून केलेल्या पद्धतीने होते आणि त्यात ५० हर्ट्झचा सूर तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. त्यांच्या पलंगाला जे जाणवतं ते त्या आकड्यात दिसत नाही. एकदा त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन उभे राहा, घरच्या कोणाला तरी वर गाणं चालू करायला सांगा, आणि त्यांच्या खोलीतून फोनवर सांगत सबवूफरचं बटण कुठवर खाली आणायचं ते ठरवा. तिथे पेनने खूण करा. रात्री दहानंतर बटण त्या खुणेच्या खाली.